लाकूड बुडतंय व्हय?

कोल्हापुरात समुद्र नाही, हे मला आयुष्यात इतक्या लोकांनी सांगितलं की जणू मी तो गल्लीबोळांतून शोधत फिरत होतो. "समुद्र न्हाय, खाडी न्हाय, आन् जहाजं कसली करतासा?" मी उलट विचारायचो, तुमच्या सोप्यात वाघाचं चित्र लावलंय, मग मागच्या दारी वाघ बांधलाय का? यावर बहुतेक जण हसून विषय बदलत. एकदोघांनी मात्र यामागं माझा काहीतरी धंदा असणार अशी शंका घेतली. मला ते लोक आवडले. माणसानं शंका घ्यावी. न घेणाऱ्याला या गावात कोणीही टोपी घालून जातं.

मी उद्यमनगरात एका फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये होतो. बिडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा उठवायचा आणि त्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. ते लाकडी नमुने करणं हे माझं काम. या कामात संशय हा दुर्गुण नव्हे. गोल दिसतंय म्हणजे गोल आहे असं मानणाऱ्याचं ओतकाम भंगारात जातं. मी कॅलिपर लावल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नसे, आणि हळूहळू ही सवय शॉपमधून घरी आली. दूधवाल्याच्या मापाला मी बोट लावून बघत असे. बायको म्हणायची, "उद्या मलाबी माप लावशीला." मी म्हणायचो, वेळ आली तर लावीन.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात आम्ही चौघं एकत्र आलो. एक दातांचे डॉक्टर, एक गुजरीतला सोनार, एक माझा शाळेपासूनचा दोस्त आणि मी. दोस्त पाणीपुरवठ्यात पंपावर ऑपरेटर होता. दर रविवारी सकाळी डॉक्टरांच्या बंद दवाखान्यात आमची बैठक भरे. घरून निघताना प्रत्येकजण मटण आणायला जातो असं सांगून निघत असे, आणि कोल्हापुरात रविवारी मटणाला जाणाऱ्याला कोण अडवणार? दवाखान्यात पेशंटच्या बाकावर चार पिशव्या ओळीनं ठेवलेल्या असत. डॉक्टरांच्या खुर्चीत जहाज झोपवायचं, वरचा दिवा खाली ओढायचा आणि दात कोरायच्या यंत्रानं तोफांची भोकं पाडायची. दुपारी मटण उशिरा पोचलं की घरोघर बोंब होई.

मी या मंडळींवरही डोळा ठेवून असे. माझ्या सरसाच्या डब्याला आतून पेन्सिलीची खूण केलेली असायची. डॉक्टर चांगला सॅंडपेपर स्वतःच्या खणात घालतात, सोनार पितळेची तार मोजून देतो पण उरलेली परत मोजून घेत नाही, म्हणजे नक्की काहीतरी हिशेब मनात ठेवतो, असं मला वाटे. दोस्ताबद्दल शंका घ्यायला जागा कमी होती, कारण तो माझी हत्यारं विचारून नेत असे आणि तेल लावून परत आणत असे. पण तेल का लावतो? असंही माझ्या मनात येऊन जाई.

आम्ही छोट्यामोठ्या बऱ्याच बोटी केल्या, पण माझा जीव होता तो एका गुराबेवर. गुराब म्हणजे मराठ्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज, पुढं सुळक्यासारखं निमुळतं, दोन डोलकाठ्यांचं. डॉक्टरांनी कुठूनतरी तिचा नकाशा मिळवला होता. त्याच्या प्रती काढून त्यांनी आम्हा सगळ्यांना दिल्या. मी ती गुराब कामावरून सुटल्यावर शॉपमध्येच बसून केली. सागाचे तुकडे, शिवण लाकडाच्या पट्ट्या, सगळं नमुन्यांच्या कामातून उरलेलं. तळाला वजन हवं म्हणून बिडाचा एक तुकडा घासून पोटात बसवला. सोनारानं पितळेच्या तोफा ओतून दिल्या. शिडं बायकोनं शिवली, मांजरपाटाची, चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केलेली. तिची एक सवय होती. शिवण संपली की ती गाठ मारत नसे, टाक्यावर टाका घालून धागा कापडातच जिरवत असे. मी भिंग घेऊन बसलो तरी धाग्याचं टोक सापडत नसे. दोनतीन वर्षं गेली त्या कामात. झाल्यावर मी गुराबेसाठी काचेची पेटी केली आणि आत तिच्या तळाच्या आकाराची घट्ट बैठक केली.

दोस्ताला ही पेटी पटली नाही. "मर्दा, पाण्याला लागली न्हाय ती बोट कसली? ही तर फर्निचर झाली," असं तो दर रविवारी म्हणायचा. मी म्हणायचो, ती तरंगते का बुडते याच्याशी मला देणंघेणं नाही, मला माप बरोबर हवं. तो पाण्याच्या खात्यातला माणूस. त्याला सगळं पाण्यात घालून बघायचं असे. आमच्या रविवारच्या निम्म्या बैठका या भांडणात गेल्या, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच मी जात होतो.

दोन हजार सालानंतर आमच्या बोटी गावातल्या एका प्रदर्शनात मांडल्या. तिथं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतला एक कारखानदार आला. गुराबेभोवती दोनदा फिरला आणि मला म्हणाला, "केबिनमध्ये ठेवायला पायजे. काय घेशीला?" मी सांगितलं, विकायची नाही. तो हसला. मग बाजूला जाऊन माझ्या दोस्ताशी बराच वेळ काहीतरी बोलत उभा राहिला. दोस्तानं त्याला चहा पाजला. काय बोललास, असं विचारलं तर म्हणाला, "पंपाचं इचारत हुता." कारखानदाराला पंपाचं विचारायला दुसरं कोणी मिळालं नव्हतं का? मी ते मनात टिपून ठेवलं.

पुढच्याच हिवाळ्यात दोस्त म्हणाला, वाडीजवळच्या एका शाळेत किल्ले आणि आरमाराचं प्रदर्शन आहे, गुराब देतोस का? नृसिंहवाडीच्या बाजूला त्याच्या बहिणीचं घर होतं. तिची मुलं त्या शाळेत होती. मी नाही म्हटलं. बायकोनं भीड घातली, "पोरं बघतील की. पेटीत कोंडून ठेवायची हाय काय?" शेवटी मी गुराब गवतात बसवून खोक्यात भरून दिली. पेटी आणि बैठक घरीच ठेवली. खोक्यावर माझ्या सहीची चिकटपट्टी लावली, कोणी उघडलं तर कळावं म्हणून.

प्रदर्शन संपलं आणि दोस्त खोक्याशिवाय आला. दारात चप्पल काढली पण आत आला नाही. त्याच्या हातात सुतळीचा एक ओला गुंडा होता.

"बोट बुडाली," तो म्हणाला.

त्यानं जे सांगितलं ते असं. परत येताना तो वाडीला दर्शनाला थांबला. घाटावर बसला होता. समोर संथ पाणी. त्याच्या मनात आलं, एकदा, फक्त एकदा. गुराबेला सुतळी बांधून तिला पायरीवरून सोडली. ती चांगली चालली. वाऱ्यानं शिडं भरली. दोन्ही नद्यांचं पाणी मिळतं तिकडं गेल्यावर धारेनं तिला ओढलं, ती कलली, तोफांच्या भोकांतून पाणी आत शिरलं आणि गाठ सुटून सुतळी त्याच्या हातात राहिली. कपड्यांसकट उडी मारली, पण तोवर ती खाली गेली होती. नावाडी बोलावला, काठीनं तळ चाचपला, काही लागलं नाही.

मी म्हणालो, "लाकूड बुडतंय व्हय?"

"अरं, बिडाचा तुकडा कुणी बसवला आत? पितळंच्या तोफा कुणी लावल्या?"

"तेवढ्यानं बुडती व्हय? गुराब हाय ती, पाटा-वरवंटा न्हाय."

"तुझ्या डोळ्यासमोर बुडाली न्हाय म्हणून बुडाली न्हाय काय?"

त्यानं सुतळी पुढं केली. मी हातात घेतली नाही. सुतळी बाजारात मिळते आणि ओली करायला नळ पुरतो, असं मी त्याला तिथंच, शेजारच्यांच्या देखत सुनावलं. मग कागलच्या माणसाचं नाव काढलं. तू त्याला बोट दिलीस, इथं मला नदीची गोष्ट सांगतोस. त्यानं सुतळी खिशात घातली. मग चप्पल घालून गेला. मी त्याच्या पाठीवर ओरडलो, "बोट आण, मग बोल!"

मला तेव्हा इतकी खात्री होती की रागाबरोबर एक समाधानही वाटत होतं. इतकी वर्षं ज्याच्यावर संशय घ्यायला जागा सापडत नव्हती, तिथं अखेर पाणी मुरताना दिसलं होतं. मी डॉक्टरांना सांगितलं, सोनाराला सांगितलं, फौंड्रीत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तो खोटं कशाला बोलेल?" तेव्हा मला डॉक्टरांचाही संशय आला. सोनार काहीच बोलला नाही, त्यावरून त्याचा जास्त आला. मी रविवारी जायचं बंद केलं. मटण मी सरळ जाऊन आणू लागलो, आणि बारा वाजायच्या आत घरी पोचू लागलो.

एक दिवस रजा टाकून मी कागलला गेलो. एमआयडीसीत तो कारखाना शोधून काढला. फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, "काय पावणं, कुणाकडं?" मी म्हणालो, पॅटर्नच्या कामाचं विचारायचं होतं. त्यानं आत सोडलं. साहेब बाहेर गेले होते. केबिनचं दार काचेचं होतं. मी कपाळ काचेला लावून आत बघितलं. टेबलामागं काचेची पेटी होती आणि पेटीत एक चकचकीत गिअर. कारखान्यातून निघालेला पहिला माल असणार. दुसऱ्या एखाद्याचं समाधान झालं असतं. मी परतीच्या एसटीत बसून विचार केला, एवढी मौल्यवान वस्तू कोण ऑफिसात ठेवेल? घरी नेली असणार.

घरीही काहीतरी चाललं होतं. संध्याकाळी मी लवकर आलो की शिलाई मशीनवर घाईनं चादर पडलेली असे. एकदा केरात मला मांजरपाटाच्या बारीक कातरणी दिसल्या. मी विचारलं, तर बायको म्हणाली, "उशांचं अभ्रं." उशा मी मोजल्या. एकीलाही नवा अभ्रा नव्हता. माहेरी काहीतरी शिवून पाठवते, मला सांगत नाही, असा मी निष्कर्ष काढला आणि तो विषय पुढं भांडणासाठी राखून ठेवला.

असं वर्ष उलटून गेलं. मग एका सकाळी दोस्त दारात उभा. या वेळी बगलेत खोकं होतं. तो आत आला, खोकं जमिनीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी गुराब बाहेर काढून माझ्यासमोर धरली.

"घे. तुझी बोट."

मी बोलायच्या आधी भिंग आणलं. पहिल्यांदा शिडं बघितली. शिवणीच्या शेवटाला धाग्याचं टोक नव्हतं, टाक्यात जिरलेलं होतं. माझ्या बायकोचा टाका मी अंधारातही ओळखीन. ही माझीच गुराब होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, तिच्याकडं बघून मी मान हलवली. हिच्या शिवणीनं चोर पकडून दिला असं मला सांगायचं होतं.

"मग बुडालेली वर कशी काय आली?" मी दोस्ताला विचारलं.

तो म्हणाला, "आली." एवढंच.

"मग नदीचं खोटं हुतं."

त्यानं बायकोकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तू म्हणतोस तर हुतं. मिळाली नव्हं तुला? झालं तर."

चहा न घेता गेला. पुढच्या रविवारी मी ताठ मानेनं दवाखान्यात गेलो, बोट परत आल्याचं आणि नदीची गोष्ट बनावट निघाल्याचं सांगायला. डॉक्टर आणि सोनार ऐकून घेत राहिले. दोस्त आला नव्हता. त्यानंतर तो कधीच आला नाही. चोराला तोंड दाखवायची लाज वाटते, असं मी म्हणालो, तेव्हा सोनारानं पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला, "आता पुरं करा की!" आणि मी पुरं केलं.

बोटीत फरक होते. रंग थोडा उजळ होता. त्या कागलवाल्यानं पॉलिश करून घेतलं असणार. पेटीतल्या बैठकीत ती पहिल्यासारखी घट्ट बसेना, जरा खुळखुळायची. घासली असणार पॉलिशच्या आधी, हरामखोरांनी. मी बैठकीत पुठ्ठ्याची पट्टी घालून फट बुजवली. प्रत्येक फरकाला माझ्याजवळ कारण तयार होतं आणि प्रत्येक कारण कागलला जाऊन थांबत होतं.

अशी पाच-सहा वर्षं गेली. फौंड्रीत संगणकावर नमुने निघू लागले आणि मी नोकरी सोडून घरी छोटी कामं करू लागलो. हात मोकळे होते, म्हणून नवीन जहाज करावं असं मनात आलं. गुराब करताना मी प्लायवूडचे फर्मे, म्हणजे आकार ताडून बघायचे नमुने, कापले होते, बरगड्यांचे, नाळेचे, बाजूच्या पूर्ण आकाराचे. ते माळ्यावर पडून होते. त्यातले थोडे वापरता येतील का बघू म्हणून खाली काढले आणि बाजूचा मोठा फर्मा गुराबेला लावून बघितला.

फर्मा मोठा होता. पुढून आणि मागून थोडा थोडा बाहेर आला.

घासली की हरामखोरांनी, हे पुन्हा मनात आलं. पण मग मी बरगड्यांचे फर्मे लावून बघितले. तेही मोठे, आणि सगळे सारख्याच हिशेबानं मोठे. जहाज घासून असं सगळ्या बाजूंनी एका प्रमाणात लहान करता येत नाही. मी डॉक्टरांचा नकाशा काढला, घरातली स्टीलची पट्टी घेतली आणि गुराब मोजली. नकाशाशी अगदी तंतोतंत. फर्मा मोजला. चुकीचा. मी केलेला फर्मा चुकीचा आणि घासलेली बोट बरोबर, हे कसं काय?

मग उठून शॉपमधून आणलेली माझी हत्यारांची पेटी उघडली.

लोखंडाचा रस थंड होताना आकसतो. म्हणून लाकडी नमुना मुळातच थोडा मोठा करावा लागतो, शंभराला एक म्हणा. दर वेळी हिशेब कोण करत बसणार? त्यासाठी एक वेगळी पट्टी असते, तिचा प्रत्येक इंच जरासा मोठा. दिसायला साध्या पट्टीसारखीच. आम्ही तिला श्रिंकेज स्केल म्हणत असू. शॉपमध्ये हात टाकला की तीच पट्टी हाताला लागायची. दुसरी कुठली वापरायचं कारणच नसे. मी ती पट्टी फर्म्यावर ठेवली. रेघेला रेघ जुळली.

म्हणजे मी माझी गुराब त्या पट्टीनं केली होती. जणू तिच्यावरून साचा उठवून ती बिडात ओतणार होतो. सगळे भाग एकाच पट्टीचे, म्हणून एकमेकांत नीट बसले आणि मला कधी कळलं नाही. सुतारानं ही चूक केली नसती, सोनारानं केली नसती, डॉक्टरांनी तर नाहीच. ती फक्त पॅटर्नवाल्याच्या हातून होते. माझी गुराब नकाशापेक्षा मोठी होती. आणि माझ्या पेटीत इतकी वर्षं जी उभी होती ती नकाशाबरहुकूम होती. ती साध्या पट्टीनं केलेली होती. ती मी केलेली नव्हती.

माझी बुडाली होती.

त्याची सगळी गोष्ट मला शब्द न् शब्द आठवली, वारा, धार, सुटलेली गाठ, कपड्यांसकट मारलेली उडी. पहिल्या दिवशी त्यानं दारात उभं राहून सगळं खरं सांगितलं होतं. आणि खरं कोणी मानत नाही म्हटल्यावर वर्षभर बसून दुसरी गुराब केली होती आणि ती माझ्या हातात देऊन स्वतःला खोटं म्हणवून घेतलं होतं.

मी बायकोला हाक मारली. फर्मा, बोट, पट्टी, सगळं जमिनीवर पसरलं होतं. तिनं एकदा सगळ्याकडं बघितलं आणि पदराला हात पुसत भिंतीला टेकून बसली.

"शिडं तू शिवलीस," मी म्हणालो.

"व्हय."

"दोनदा."

"व्हय. दुसऱ्यांदा जरा बरी झाली."

"आणि तोफा?"

"सोनारांनी. भोकं डॉक्टरांनी. लाकूडकाम तुमच्या दोस्तानं स्वतः केलं. तुमी जात नव्हता तवा दवाखान्यात बसायची समदी, रविवारी."

म्हणजे मला जो संशय होता तो अगदी बरोबर होता. सगळे मिळून माझ्या मागं काहीतरी करत होते. घरातलं माणूसही त्यात होतं. मला हसावं का रडावं कळेना आणि मी ओरडलो, "मग मला का सांगितलं न्हाईस?"

"काय सांगायचं हुतं? तुमी म्हणला असता, तूबी त्येला सामील हाईस."

"सामीलच होतीस की!"

"हुतोच की," ती म्हणाली. "त्येंनी येऊन हात जोडलं. म्हणालं, वैनी, त्यो आता माझ्यावर इश्वास ठेवायचा न्हाय, निदान बोट तरी मिळू दे. मी न्हाय कसं म्हणू?" मग म्हणाली, "येवढ्या वर्सात तुमी एकदाबी त्येंच्या घरला गेला न्हाईसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फर्मा आणि दोन्ही पट्ट्या पिशवीत घालून त्याच्याकडं गेलो. रंकाळ्याच्या अंगाला दोन खोल्यांचं घर. तो दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होता. केस पार पांढरे झाले होते. मला बघून तो उठला नाही, पेपरही खाली ठेवला नाही.

"काय रं? काय हरवलं?"

"काही न्हाय."

"मग?"

मी उभ्यानंच म्हणालो, "बोट बुडाली हुती."

"सांगितलं तर हुतं."

"माझा विश्वास बसला."

त्यानं पेपरची घडी केली. चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, शिवी देईल, उठून मिठी मारेल. मी त्या सगळ्याची तयारी करून आलो होतो.

"आता?" तो म्हणाला. "कशावरनं बसला?"

मी घाईनं पिशवी उघडली. फर्मा काढला, त्याच्या मांडीवर ठेवला, एक पट्टी लावली, मग दुसरी लावली. लोखंड कसं आकसतं ते सांगितलं. माझी गुराब कशी मोठी होती आणि त्याची कशी बरोबर आहे ते सांगितलं. मला बोलताना बरं वाटत होतं. इतक्या वर्षांचं कोडं सुटलं होतं आणि ते माझ्यापेक्षा नीट कोणी सोडवलं नसतं. तो लक्ष देऊन ऐकत होता. दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून त्यानं डोळ्याजवळ नेल्या, रेघांमधला फरक बघितला आणि मान डोलावली.

"पटतंय," तो म्हणाला. "चांगलं शोधलंस."

"म्हणून तर आलो. आता माझी खात्री—"

"म्हंजे माझ्यावर न्हाय बसला तुझा इश्वास," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "पट्टीवर बसला. ही पट्टी नसती तर मी मरूस्तवर चोरच की."

तो माझ्याकडं बघत होता, उत्तराची वाट बघत असल्यासारखा. खरंच वाट बघत होता. मी काहीतरी बोलावं अशी त्याची इच्छा होती, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कशावरही बसला असता माझा विश्वास, पट्टी नसती तरी, कधी ना कधी मी आलोच असतो, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ते खरं नव्हतं, आणि त्याच्याशी खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानं आत बघून चहा टाकायला सांगितलं. आम्ही चहा घेतला. त्यानं पाण्याच्या नव्या लाइनीबद्दल सांगितलं, मी फौंड्री कशी सोडली ते सांगितलं. निघताना मी म्हणालो, रविवारी ये, डॉक्टर आठवण काढतात.

"बघू की," तो म्हणाला.

तो आला नाही. मी त्यानंतर पुष्कळदा त्याच्याकडं गेलो आहे. दर वेळी त्यानं बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि पाहुण्याला सोडावं तसा फाटकापर्यंत सोडायला आला.